कालचा हुतात्मा, आजचा आरोपी

होसे रिझालची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी मराठीत आणायचं मी मनावर घेतलं, त्याला आता सहा वर्षं होतील. नऊ प्रकरणं झाली आणि काम अडलं. एखाद्या अवघड वाक्यावर नव्हे, नावावर अडलं. माझं स्पॅनिश शब्दकोश मांडीवर घेऊन वाचण्याइतपत. तागालोग तेवढंही नाही. त्यामुळे मुख्य आधार होता चार्ल्स डर्बिशायरच्या १९१२ सालच्या इंग्रजी भाषांतराचा. त्याचा प्रताधिकार संपलेला आहे, म्हणून ते सहज मिळतं. प्रकाशकांनी एकदा फोनवर विचारलं, “नाव काय ठेवताय?” मी डर्बिशायरच्या मुखपृष्ठाकडे पाहिलं. तिथे होतं ‘द सोशल कॅन्सर’. ‘समाजाचा कर्करोग’ हे नाव मराठीत कुणाला खटकलं नसतं. मला मात्र पहिल्यांदाच प्रश्न पडला, की हे नाव आलं कुठून आणि ते कुणाच्या सोयीचं आहे?

त्या प्रश्नाच्या मागे जाता जाता मी फिलिपिन्सच्या कादंबरीकडून अमेरिकेने त्या बेटांवर लादलेल्या युद्धाकडे गेले आणि तिथून एका नाटकावरच्या खटल्याकडे. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : अमेरिकन राजवटीने फिलिपिनो प्रतिकाराचं साहित्य दडपलं, हे अर्धंच खरं आहे. त्यातलं काही तिने आवडीने वाचलं, इंग्रजीत आणलं, आपल्या संसदेत म्हणून दाखवलं. आणि काहीसाठी लेखकाला तुरुंगात टाकलं. ही निवड कोणत्या निकषावर झाली हे पाहिलं, तर भाषांतर करणाऱ्या कुणालाही थोडं अस्वस्थ व्हावं लागेल.

आधी घटनाक्रम सांगते, कारण आपल्याकडे तो फारसा शिकवला जात नाही. १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध झालं. स्पेनविरुद्ध आधीपासून लढत असलेल्या फिलिपिनो क्रांतिकारकांना वाटलं, मित्र मिळाला. १२ जून १८९८ रोजी एमिलिओ आगिनाल्दोने काविते प्रांतातल्या आपल्या घरी स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच वर्षी १० डिसेंबरला पॅरिसमध्ये तह झाला. अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर दिले आणि बेटं घेतली. ज्यांची बेटं, त्यांच्या प्रतिनिधीला त्या टेबलाशी बसूही दिलं नाही. ४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मनिलाच्या वेशीवर पहिली गोळी सुटली. ४ जुलै १९०२ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने ‘बंड’ संपल्याचं जाहीर केलं. दक्षिणेकडे आणि डोंगराळ भागांत लढाया पुढेही चालू राहिल्या. या काळात सुमारे ४,२०० अमेरिकन आणि २०,००० हून अधिक फिलिपिनो सैनिक मेले. लढाई, उपासमार आणि पटकी यांनी मेलेल्या सामान्य माणसांचा आकडा २,००,००० पर्यंत सांगितला जातो. एवढ्या मोठ्या युद्धाला अमेरिकन दप्तरात कित्येक दशकं ‘फिलिपिन बंड’ असंच नाव होतं. बंड म्हटलं, की आधी मालकी गृहीत धरली जाते.

शब्दांची ही झटापट युद्धाच्याही आधी सुरू झाली होती. २१ डिसेंबर १८९८ रोजी अध्यक्ष मॅकिन्लेने एक जाहीरनामा काढला. त्यातले दोन इंग्रजी शब्द पुढे गाजले : ‘बेनेव्हलंट असिमिलेशन’. मराठीत त्याचं काय करायचं? ‘परोपकारी सामीलीकरण’ हे सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. ‘आत्मसात करणं’ जवळचं आहे, आणि त्यात खरा अर्थ उघडा पडतो. दुसऱ्याला दयाळूपणे गिळून आपल्या अंगी लावून घेणं, असा तो अर्थ. मनिलातल्या अमेरिकन फौजांचा सेनापती जनरल ओटिस याला हा धोका आधीच दिसला. ४ जानेवारी १८९९ रोजी मनिलात जाहीरनामा प्रसिद्ध करताना त्याने सार्वभौमत्वाच्या दाव्याचे टोचणारे शब्द काढले आणि मजकूर मवाळ केला. पण इलोइलोजवळ असलेल्या जनरल मिलरने मूळ मजकूर जसाच्या तसा जाहीर केला होता. दोन्ही प्रती फिलिपिनोंच्या हाती पडल्या, त्यांनी त्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या, आणि आगिनाल्दोचं संतप्त उत्तर दुसऱ्याच दिवशी निघालं. तौलनिक साहित्याच्या वर्गात पाठभेदांचं महत्त्व पटवून द्यायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. त्या लोकांना पाठभेद वाचता आले. महिन्याभरात युद्ध सुरू झालं.

आता एका प्रकाशकाकडे वळू. रुडयार्ड किपलिंगची ‘द व्हाइट मॅन्स बर्डन’ ही कविता आपण भारतीय वाचक आपल्यावरच लिहिली आहे असं समजून वाचतो. कवी मुंबईत जन्मलेला, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण तिच्या उपशीर्षकात नाव आहे ते अमेरिकेचं आणि फिलिपिन बेटांचं. साम्राज्याच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या अमेरिकेला जुन्या साम्राज्याच्या कवीने दिलेला तो सल्ला होता. लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ती ४ फेब्रुवारी १८९९ रोजी आली, म्हणजे मनिलात गोळी सुटली त्याच दिवशी, आणि अमेरिकेत ती छापली ‘मॅक्लुअर्स मॅगझिन’ने. त्याच मॅक्लुअरच्या प्रकाशनगृहाने पुढच्या वर्षी ‘अ‍ॅन ईगल फ्लाइट’ नावाचं पुस्तक काढलं. ‘गरुडझेप’ म्हणू या. ते होतं रिझालच्या ‘नोली’चं संक्षिप्त रूपांतर, अनुवादकाचं नाव त्यावर नव्हतं. एका हाताने गोऱ्या माणसाचं ओझं आणि दुसऱ्या हाताने त्या ओझ्याखालच्या माणसाची कादंबरी, दोन्ही एकाच दुकानातून विकली गेली. यात मला ढोंग दिसत नाही. त्या प्रकाशकाला दोन्ही पुस्तकं एकाच बाजूची वाटली असणार, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

१९०० मध्येच ‘नोली’चं आणखी एक संक्षिप्त भाषांतर निघालं : ‘फ्रायर्स अँड फिलिपिनोज’. भाषांतरकार फ्रँक गॅनेट हा फिलिपिन्सची पाहणी करायला आलेल्या पहिल्या अमेरिकन आयोगाच्या अध्यक्षाचा सचिव होता. पुस्तकाच्या शीर्षकपानावर रिझालची ‘तागालोग कादंबरी’ असं छापलं आहे. कादंबरी स्पॅनिशमध्ये आहे! ही चूक हसण्यावारी नेता येईल. पण सत्ताधाऱ्यांची भाषा उत्तम येणारा, त्याच भाषेत त्यांची अब्रू काढणारा नेटिव्ह डोळ्यांसमोर आणायचा, तर कल्पनेला जरा ताण द्यावा लागतो. ‘तागालोग’ म्हटलं की तो ताण उरत नाही. आणि शीर्षकातून लढाई कुणाकुणाची हेही ठरून जातं. एका बाजूला धर्मगुरू, दुसऱ्या बाजूला फिलिपिनो. तिसरा कुणी नाहीच.

रिझालची कादंबरी अशा वाचनाला जागा देते, हे मान्य करायला हवं. १८८७ मध्ये बर्लिनमध्ये उसने पैसे घेऊन त्याने २,००० प्रती छापल्या. युरोपात शिकून परतलेला क्रिसोस्तोमो इबारा गावात शाळा बांधू पाहतो आणि फादर दामासो, फादर साल्वी यांच्या सत्तेपुढे उद्ध्वस्त होतो, असा तो कथाभाग. खलनायक झगे घालून वावरतात आणि ते स्पॅनिश आहेत. रिझालला स्पॅनिश सरकारने ३० डिसेंबर १८९६ रोजी बागुम्बायानच्या मैदानात गोळ्या घातल्या. त्यामुळे अमेरिकन वाचकाला ही कादंबरी म्हणजे जुन्या, जुलमी, कॅथलिक साम्राज्याविरुद्धचं आरोपपत्र वाटलं, आणि आपण म्हणजे त्या आरोपपत्रावरचा न्याय.

या वाचनाचा कळस जून १९०२ मध्ये झाला. अमेरिकन संसदेत फिलिपिन्सच्या कारभाराचा कायदा चर्चेला होता. फिलिपिनो रानटी आहेत, त्यांना प्रतिनिधिगृह कशाला, असा सूर निघत असताना विस्कॉन्सिनचे हेन्री कूपर उभे राहिले आणि त्यांनी रिझालने मृत्यूच्या आदल्या रात्री लिहिलेली निरोपाची कविता इंग्रजीत म्हणून दाखवली. सभागृह हेलावलं, असं वर्णन येतं. विधेयक संमत झालं. म्हणजे अंकित देशातल्या एका हुतात्म्याच्या कवितेने त्या देशाला मर्यादित प्रतिनिधित्व मिळवून दिलं, आणि त्याच कायद्याने अमेरिकेचं राज्यही पक्कं झालं. त्याच्या दोनच महिने आधी बातांगासमध्ये जनरल मिगेल मालवार शरण आला होता. तिथल्या गावकऱ्यांना अमेरिकन फौजांनी छावण्यांत कोंडलं होतं. कूपर यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांनी वर्णद्वेष्ट्यांना भर सभेत उत्तर दिलं. पण कविता ऐकणाऱ्यांपैकी कुणाला असं वाटलं असेल का, की तिच्यातला कवी आपल्यालाही उद्देशून बोलतो आहे? गोळ्या झाडणारे स्पॅनिश होते आणि ते गेले होते. कविता कालची होती.

‘काल’ हा शब्द इथे मी मुद्दाम वापरला. कारण पुढच्याच वर्षी, १४ मे १९०३ रोजी, मनिलाच्या लिबर्ताद नाट्यगृहात आउरेलिओ तोलेन्तिनोचं तागालोग नाटक झालं. त्याचं नाव ‘काहापोन, न्गायोन आत बुकास’, म्हणजे ‘काल, आज आणि उद्या’. आदल्याच दिवशी आपोलिनारिओ माबिनी मनिलात पटकीने वारला होता. अमेरिकेशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिल्याबद्दल ज्याला दोन वर्षं ग्वाम बेटावर हद्दपार ठेवलं, तोच हा क्रांतीचा विचारवंत. शहराची मनःस्थिती काय असेल, याची कल्पना करता येते.

तोलेन्तिनो कातिपुनान या गुप्त क्रांतिसंघटनेतला जुना माणूस. त्याच्या नाटकात माणसं नाहीत, अर्थ आहेत. नायक ‘तागा-इलोग’, म्हणजे नदीकाठचा. ‘तागालोग’ शब्दाची फोडच ती. ‘इनांग बायान’ ही मातृभूमी. स्पेनचं नाव ‘दिलात-ना-बुलाग’, डोळे उघडे असून आंधळा. अमेरिकेचं नाव ‘बागोंग-सिबोल’, नुकताच उगवलेला कोंब. देशद्रोह्याचं नाव ‘असाल-हायोप’, जनावराच्या चालीचा. ही नावं मराठीत आणायला अजिबात कष्ट पडत नाहीत. कीर्तनात, भारुडात, दशावतारात वाढलेल्या कानाला ती लगेच कळतात. मनिलाच्या प्रेक्षकांनाही ती लगेच कळली. त्या काळातल्या अशा आणखी काही नाटकांत नटांच्या वस्त्रांचे रंग असे योजलेले असत, की ऐन प्रसंगी ते ठरावीक जागी उभे राहिले म्हणजे रंगमंचावर क्रांतीचा झेंडा तयार व्हावा. झेंडा दिसायचा क्षणभर. नट हलले की पुरावा गायब.

१९०१ च्या राजद्रोहाच्या कायद्याने, देशात युद्धाची स्थिती असेपर्यंत, शांततेच्या मार्गाने स्वातंत्र्य मागणं हासुद्धा गुन्हा ठरवला होता. त्याच कायद्याखाली तोलेन्तिनोवर खटला झाला. दोन वर्षांचा तुरुंगवास आणि दंड अशी शिक्षा झाली, आणि १९०६ मध्ये फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तो निकाल मी समीक्षेचा लेख वाचावा तसा वाचला. बचाव असा होता, की हे निव्वळ साहित्य आहे, कलाकृती आहे. न्यायालयाने तो फेटाळला. रूपकं, दूरचा भूतकाळ, दूरचा भविष्यकाळ ही सगळी बेगडी साधनं आहेत. ती पाहून प्रेक्षकाच्या मनात या क्षणाबद्दल जराही संदिग्धता राहत नाही, आणि राहावी असा हेतूही नव्हता, असा त्या युक्तिवादाचा मथितार्थ. न्यायमूर्तींचा निवाडा अन्यायाचा होता. त्यांचं वाचन मात्र अचूक होतं. रूपक ‘आज’शी कसं जोडलेलं असतं, हे संसदेत रिझाल ऐकून हेलावलेल्या सभासदांना कळलं नव्हतं; ते या न्यायाधीशांना कळलं. साहित्याची सगळ्यात बारकाईने दखल कधी कधी त्याला शिक्षा देणाराच घेतो.

आर्थर स्टॅन्ली रिग्ज या अमेरिकन पत्रकाराने त्या काळात अशा राजद्रोही नाटकांची इंग्रजी रूपं जमवली आणि त्यांना विस्तृत प्रस्तावना लिहिली. नाटकांविषयी त्याच्या मनात तुच्छता आहे, लेखकांविषयी संशय आहे. १९०५ च्या सुमारास सिद्ध झालेला हा संग्रह पुस्तकरूपात आला तो १९८१ मध्ये, मनिलात. आज तागालोग न येणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला तोलेन्तिनोपर्यंत पोचायचं तर रिग्जच्या दारातूनच जावं लागतं. म्हणजे रिझाल मिळतो तो त्याची स्तुती करणाऱ्या राजवटीच्या इंग्रजीतून, आणि तोलेन्तिनो मिळतो तो त्याच्यावर डोळा ठेवणाऱ्या माणसाच्या संग्रहातून. यातला कोणता मजकूर जास्त विश्वासाचा? माझं उत्तर मलाच नकोसं वाटतं. दोष शोधायला बसलेला माणूस एकही शब्द निसटू देत नाही.

‘नोली’च्या आठव्या प्रकरणात इबारा मनिलातली वनस्पतींची बाग पाहतो आणि तिच्या जागी त्याला युरोपातल्या बागा दिसू लागतात. एकाच वेळी दोन जागा दिसण्याच्या या व्याधीला रिझालने तुलनेच्या भुताचं नाव दिलं. बेनेडिक्ट अँडरसनने त्यावरूनच आपल्या ग्रंथाला ‘द स्पेक्टर ऑफ कंपॅरिझन्स’ हे नाव ठेवलं. ते भूत मलाही सोडत नाही. तोलेन्तिनोचा निकाल वाचताना मला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर दिसतात. १९०७ चं ‘कीचकवध’. कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसतो म्हणून १९१० मध्ये त्यावर बंदी आली. आणि दिसतात १९०८ च्या खटल्यात उभे असलेले टिळक. ‘केसरी’तल्या लेखांचा सरकारी अनुवाद मूळ अर्थ विपरीत करतो, हे ते एकेका शब्दावर बोट ठेवून सांगत होते, समोरच्या ज्यूरीत बहुसंख्य युरोपियन होते. मंडाले आणि ग्वाम यांच्यात कुणी दुवा जोडला होता असं मला म्हणायचं नाही. पण त्या दशकात दोन साम्राज्यांची कोर्टं भाषांतराला पुरावा म्हणून हाताळत होती, आणि आमच्या व्यवसायाचे पूर्वज त्या पुराव्याच्या बाजूला बसलेले होते, हे विसरता येत नाही.

आता पुन्हा १९१२. डर्बिशायरने रिझालच्या दोन्ही कादंबऱ्या पूर्ण भाषांतरित केल्या. त्याचं श्रेय मोठं आहे. १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक उतरले आणि शाळांची भाषा इंग्रजी झाली. स्पॅनिश वाचणारे आधीच मूठभर होते, ते आणखी कमी झाले. नव्या पिढीला आपला सगळ्यात मोठा लेखक वाचायला मिळाला तो बराचसा डर्बिशायरमुळे. ‘कर्करोग’ हा शब्दही त्याने हवेतून काढलेला नाही. कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत रिझालनेच समाजाच्या रोगासाठी तो वापरला आहे. पण प्रतिमा आत असणं वेगळं आणि मुखपृष्ठावर येणं वेगळं. रिझाल स्वतः डोळ्यांचा डॉक्टर होता. त्याच्या रूपकात वैद्य हा देशाचाच मुलगा आहे. तेच रूपक अमेरिकन राजवटीत मुखपृष्ठावर आलं की ‘रोगी हा देश, वैद्य ते आम्ही’ असं वाचलं जातं.

दुसऱ्या कादंबरीचं काय झालं हे पाहिलं, तर शंका राहत नाही. १८९१ च्या त्या कादंबरीचं नाव ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’. सरकारला संशय आला की ज्याला ‘फिलिबुस्तेरो’ म्हणून उचलून न्यायचं, त्याच्या गुन्ह्याचं हे नाव आहे. इबारा इथे सिमून नावाचा जवाहिऱ्या होऊन परततो आणि दिव्यात स्फोटक भरून सगळी सत्ता एका मेजवानीत उडवून द्यायला निघतो. डर्बिशायरने नाव दिलं ‘द रेन ऑफ ग्रीड’, म्हणजे ‘लोभाचं राज्य’. मूळ नाव बंड करणाऱ्याकडे बोट दाखवतं. इंग्रजी नाव स्पॅनिश लुटारूंकडे. त्या वेळी क्रांतीचा झेंडा लावणं कायद्याने गुन्हा होतं. १९०७ चा तो कायदा १९१९ पर्यंत टिकला. अशा देशात विकल्या जाणाऱ्या पुस्तकाच्या पाठीवरून ‘राजद्रोह’ हा शब्द उतरला. डर्बिशायरने हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. त्याला ते नाव सहज सुचलं असेल, तर ते जास्त बोलकं आहे.

रेनातो कोन्स्तान्तिनो या इतिहासकाराने १९६९ मध्ये मांडलं, की रिझालला राष्ट्रीय वीर केलं ते अमेरिकनांनी, कारण सुधारणा मागणारा मेलेला माणूस त्यांना सोयीचा होता. हे अर्धं पटतं. ३० डिसेंबर हा रिझालच्या शोकाचा दिवस म्हणून आगिनाल्दोच्या सरकारने १८९८ मध्येच जाहीर केला होता. लोकांचं प्रेम आधीचं आहे. अमेरिकनांनी रिझाल घडवला नाही, त्यांनी त्याचा काळ ठरवला. तो ‘काल’मध्ये ठेवला. आणि हे काम केवळ परक्यांनीच केलं असंही नाही. स्वातंत्र्यानंतर, १९६१ मध्ये, लेऑन मारिया गेरेरो या फिलिपिनो मुत्सद्द्याने ‘नोली’चं नवं इंग्रजी भाषांतर केलं, त्याचं नाव ‘द लॉस्ट ईडन’, हरवलेलं नंदनवन. अँडरसनने त्यावर जो लेख लिहिला, त्यातला एक मुद्दा माझ्या कामाला फार उपयोगी पडला. रिझालचा निवेदक वाचकाशी समोरासमोर बोलतो, आजही मनिलात असंच आहे म्हणतो. गेरेरोने ते सगळं भूतकाळात ढकललं, तागालोग शब्द गाळले, मनिलाचे रस्ते अस्पष्ट केले. क्रियापदाचा काळ बदलला की आरोपी बदलतो. १९५६ च्या कायद्याने रिझाल शाळा-कॉलेजांत सक्तीचा झाला होता. सक्तीचं पुस्तक कालचं असलेलं सगळ्यांनाच बरं वाटतं.

रिझाल स्वतः अमेरिकेबद्दल भाबडा नव्हता. १८८८ मध्ये तो सान फ्रान्सिस्कोला उतरला, तेव्हा चिनी मजुरांच्या भीतीने त्याचं जहाज विलग ठेवलं होतं. या देशातलं स्वातंत्र्य गोऱ्यांपुरतं आहे, हे त्याने मित्राला कळवलं. पुढे १८८९-९० मध्ये ‘ला सोलिदारिदाद’ या पत्रात फिलिपिन्सच्या पुढच्या शंभर वर्षांविषयी लिहिताना, पॅसिफिकमध्ये हितसंबंध असलेलं हे थोर प्रजासत्ताक एक दिवस परक्या भूमीची स्वप्नं पाहील, ही शक्यता त्याने नोंदवली. ते त्याच्या परंपरेविरुद्ध ठरेल असंही म्हटलं. हा निबंधही १९१२ मध्ये मनिलात इंग्रजीत निघाला, आणि भाषांतर डर्बिशायरचंच. म्हणजे ‘आज’ रिझालमध्येही होता, त्याच भाषांतरकाराच्या टेबलावर होता. वाचकांनी तिथे पान उलटलं.

हा वाद अजून संपलेला नाही, हे मला जीना अपोस्तोलच्या कादंबऱ्यांनी दाखवलं. २०१८ च्या ‘इन्सरेक्टो’त एक अमेरिकन दिग्दर्शिका आणि एक फिलिपिनो अनुवादिका समार बेटावर निघतात. १९०१ मध्ये बालांगिगा गावात गावकऱ्यांनी अमेरिकन तुकडीवर हल्ला केला, आणि त्याच्या सुडात जनरल जेकब स्मिथने दहा वर्षांवरच्या मुलांनाही मारण्याचा हुकूम दिला, तेच हे बेट. दिग्दर्शिकेची पटकथा वाचून अनुवादिका तीच गोष्ट आपल्या बाजूने नव्याने लिहिते. तिचं नाव मागसालिन. तागालोगमध्ये त्या शब्दाचा अर्थच भाषांतर करणं. अपोस्तोलची रचना कुठे कुठे इतकी गुंतागुंतीची होते की बालांगिगाचे मृत मागे पडतात, ही माझी तक्रार आहे. पण अनुवादिकेला साक्षीदाराच्या जागेवरून उठवून पक्षकार केलं, हे मला पटतं.

माझ्या कामाचं काय? प्रकाशकांना मी दोन गोष्टी कळवल्या. पहिल्या कादंबरीचं नाव लॅटिनच राहील. ‘मला शिवू नकोस’ असं केलं तर मराठी कानाला आधी विटाळ आठवतो आणि कादंबरी भलत्याच वाटेला लागते. शिवाय १८८७ च्या फिलिपिनो वाचकालाही ते शब्द पाद्र्यांच्या परक्या भाषेतच भेटले होते. दुसरीचं नाव ‘राजद्रोह’. त्या शब्दाला मराठीत काय किंमत मोजलेली आहे, हे सांगायला नको. स्पॅनिश लोक तिथल्या रहिवाशांना तिरस्काराने ‘इंडियो’ म्हणत. त्यासाठी ‘स्थानिक’, ‘मूलनिवासी’ हे शब्द मी वापरून पाहिले आणि खोडले. आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकून घेतलेला ‘नेटिव्ह’ हा शब्द मराठीत आहे, त्यात नेमका तोच अपमान आहे. पहिली नऊ प्रकरणं पुन्हा हातात घेतली. या वेळी डर्बिशायर डावीकडे, स्पॅनिश मूळ समोर. जिथे निवेदक वर्तमानात बोलतो, तिथे क्रियापद वर्तमानातच ठेवलं. काम निम्म्या वेगाने चाललं आहे.

आणि रिग्जच्या संग्रहातलं तोलेन्तिनोचं नाटक. ते रिझालच्या पाठोपाठ मराठीत यावं असं मला वाटतं. तागालोग जाणणाऱ्या एका सहकाऱ्याशिवाय मी ते हाती घेणार नाही. तोवर त्यातल्या पात्रांची नावं तेवढी वहीत मराठीत लिहून ठेवली आहेत. नदीकाठचा, मातृभूमी, डोळे असून आंधळा, नवा कोंब. या शेवटच्या नावापाशी मी दर वेळी थांबते. साम्राज्याला कोवळ्या कोंबाचं नाव देणाऱ्या नाटककाराच्या मनात द्वेष होता की अजून थोडी आशा, हे रिग्जच्या इंग्रजीतून मला कळत नाही. न्यायालयाला तो प्रश्न पडला नव्हता. मला तो तागालोगमध्येच विचारावा लागेल.